कोब्यात टायरची तार टाकली तर ती किती वर्षं टिकेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रावेर तालुक्यात केळीचं पॅकहाऊस बांधायचं आहे. आत केळी धुण्या-भरण्याचा हॉल, बाहेर कंटेनर वळतील एवढं अंगण आणि मागच्या बाजूला खताचं छोटं गोडाऊन. ठेकेदार म्हणतो, जमिनीतली लोखंडी जाळी काढून टाकू, त्याऐवजी जुन्या टायरमधून निघालेली पोलादी तार काँक्रीटमध्ये मिसळू. पैसे वाचतील, भेगा पडणार नाहीत, वर पंचवीस वर्षांची गॅरंटी. विचारणाऱ्या भाऊंना शंका आहे ती गंजाची. तार गंजली की कोबा फुगून फुटेल का?

भाऊ, गंजाने कोबा फुटेल ही भीती मनातून काढा. घोर वेगळ्याच गोष्टीचा आहे. तार गंजून आतल्या आत बारीक होईल, तुटेल आणि ज्या कामासाठी ती टाकली ते काम करायचं सोडून देईल. वरून काही दिसणार नाही. एक दिवस भेग रुंद झालेली दिसेल आणि कंटेनरच्या चाकाखाली तिच्या कडा ढासळायला लागतील. हे होईल की नाही, झालं तर किती वर्षांनी, हे तार टायरची आहे की कारखान्याची यावर फारसं ठरत नाही. भेग किती रुंद आहे, त्या भेगेत ओल किती काळ राहते आणि तार किती जाड आहे, यावर ते ठरतं. मी जळगाव-धुळ्याकडे जिनिंग, डाळ मिल आणि गोडाऊनच्या जमिनीच जास्त केल्या आहेत, त्यामुळे पुढचं सगळं जमिनीवर टेकलेल्या कोब्याबद्दल आहे. छताचा स्लॅब, बीम, कॉलम, पाण्याची टाकी यांत सळईऐवजी टायरची तार टाकू असं कुणी म्हणालं तर चर्चाही करू नका.

आधी फुटण्याचं. सळई गंजते तेव्हा गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट जागा लागते. १२ मिमीची सळई फुगली की वरचं कव्हर उचललं जातं, पोपडे पडतात. जुन्या पाण्याच्या टाक्यांखाली उभं राहून आपण सगळ्यांनी ते पाहिलं आहे. टायरच्या पट्ट्यातली तार मात्र ०.१ ते ०.४ मिमी जाडीची, केसापेक्षा थोडी जाड. ती पूर्ण गंजली तरी भोवतालचं काँक्रीट फोडण्याइतका जोर तिच्यात येत नाही. दुसरं म्हणजे हे तुकडे सुटे असतात. सळयांची जाळी विजेच्या दृष्टीने एकसंध असते. एका ठिकाणी गंज धरला की बाकीची सगळी जाळी त्या जागेला गंजायला मदत करते. सुट्या तुकड्यांना तशी सोबत मिळत नाही. म्हणून तितक्याच क्लोराईडमध्ये (मिठातला गंज वाढवणारा घटक) सळई गंजायला लागली असेल तरी फायबर (काँक्रीटमध्ये मिसळलेले असे सुटे तुकडे) बऱ्याचदा शाबूत सापडतं.

चांगल्या, न तडकलेल्या काँक्रीटच्या आतला पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो. एवढ्या अल्कलीत पोलादावर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि तार वर्षानुवर्षं चकचकीत राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वरून हळूहळू आत शिरतो आणि पीएच नऊच्या खाली आणतो. तो वायू जिथवर पोचला तिथल्या तारांना ओल मिळाली की त्या गंजतात. चांगल्या कोब्यात हा प्रकार वरच्या काही मिलिमीटरांपुरताच राहतो. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर अंगणात तपकिरी ठिपके दिसतील. ते दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. मालक लोक या ठिपक्यांवरून भांडतात आणि भेगेकडे बघत नाहीत.

आता भेग. फायबर भेग पडूच देत नाही हा ठेकेदाराचा दावा खोटा आहे. पडलेली भेग ते धरून ठेवतं, रुंद होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. भेग ०.१ मिमीच्या आसपास असेल तर पाणी आणि हवा आत जायला वेळ लागतो, पुष्कळदा ती भेग आपोआप बुजतेही. ०.२–०.३ मिमीच्या पुढे गेली की भेगेला आडवी गेलेली तार उघड्यावर पडल्यासारखी होते. इथे जाडीचा हिशेब मांडून बघा. गंजाने चारी बाजूंनी फक्त ०.०५ मिमी पोलाद खाल्लं असं धरू. १ मिमीच्या तारेचं ०.९ मिमी उरलं, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ ८१ टक्के शिल्लक. ०.२ मिमीच्या तारेचं ०.१ मिमी उरलं, म्हणजे क्षेत्रफळ २५ टक्के. गंज तेवढाच, पण एक तार जवळजवळ तशीच आणि दुसरीची पाऊण ताकद गेली. टायरच्या तारेच्या टिकाऊपणाची मुख्य गोम ही आहे. पोलाद कमी दर्जाचं नसतं. उलट टायरच्या तारेची ताण सहन करण्याची ताकद २००० मेगापास्कलच्या वर असते, बाजारातल्या साध्या हुक-एंड (टोकं वाकवलेल्या) फायबरच्या दीडपट-दुप्पट. फक्त ती बारीक असते, आणि बारीक वस्तूला गंज लवकर संपवतो.

प्रयोगशाळेत थोडंसं गंजलेलं फायबर सुरुवातीला जास्त घट्ट धरतं असंही दिसतं, कारण गंजाने पृष्ठभाग खरबरीत होतो आणि तार सहज सरकत नाही. एखादा विक्रेता असा आलेख दाखवून ‘गंजल्यावर ताकद वाढते’ म्हणेल. वाढते, थोडे दिवस. नंतर तार सरकण्याऐवजी तुटायला लागते. मग कोबा भेग धरत धरत हळू हार मानत नाही, एकदम सोडतो.

सगळी टायरची तार एकसारखी नसते, हे ठेकेदाराला बहुतेक माहीत नसेल. टायरच्या रिमला बसणाऱ्या कडेत जाड बीड वायर असते, साधारण १ ते २ मिमीची, तांब्याचा किंवा काशाचा मुलामा दिलेली. चालीच्या रबराखाली जी बारीक दोरी विणलेली असते तिच्यावर पितळेचा अगदी पातळ थर असतो, रबर चिकटावं म्हणून. पितळ गंजाला अडवतं असं समजू नका. जिथे तो थर खरचटलेला असतो तिथे शेजारचं उघडं पोलाद उलट आधी जातं. आणि टायर फाडताना खरचटणं टळत नाही.

तार बाहेर कशी काढली याने सर्वांत मोठा फरक पडतो. यंत्राने टायरचा चुरा करून चुंबकाने वेगळी केलेली तार कामाची, पण तिच्यात रबराचे कण आणि नायलॉनचा कापूस अडकलेला असतो. तो कापूस पाणी पितो, मिक्सरमध्ये तारांची गुंतवळ करतो, आणि रबर चिकटलेल्या जागी सिमेंट धरत नाही. दुसरा प्रकार पायरोलिसिस प्लांटचा. तिथे टायर हवेशिवाय तापवून तेल काढतात आणि तार भंगारात विकतात. आपल्याकडे स्वस्तात मिळते ती बहुधा हीच. हिच्यावर काजळी असते, कधी तेलाचा ओशटपणा. शिवाय ही तार थंड असताना ओढून ताकद मिळवलेली असते, चारशे-पाचशे अंशांच्या उष्णतेत ती ताकद उतरते. तिसरा प्रकार उकिरड्यावर टायर जाळून उरलेल्या तारेचा. तो फुकट मिळाला तरी नको. जुलै २०२२ पासून टायर उत्पादकांवर जुन्या टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी कायद्याने आली आहे आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्या, साफ करून, कापून, लांबीप्रमाणे वेगळी केलेली तार देणाऱ्याकडूनच माल घ्या. मी गोणी उघडून मूठभर तार पांढऱ्या कागदावर चोळतो. काळा ओशट डाग पडला, किंवा चिवडल्यावर कापूस वर आला, तर गोणी परत. लांबीही मोजून बघतो. १० मिमीच्या आतला चुरा भेग धरत नाही, नुसतं वजन वाढवतो. ५०–६० मिमीच्या वरचे वाकडे तुकडे गोळे करतात.

युरोपात शेफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने २००६ ते २००९ या काळात ‘इकोलेन्स’ नावाचा प्रकल्प झाला. टायरच्या तारेचं काँक्रीट रस्त्यांना वापरता येईल का हाच त्याचा विषय होता. नंतरही तिथे यावर बरंच काम झालं. त्यातून मी उचललेली गोष्ट म्हणजे एकट्या टायरच्या तारेवर विसंबण्यापेक्षा ती हुक-एंड फायबरमध्ये मिसळावी. बारीक तारा केसासारख्या भेगा तिथल्या तिथे रोखतात, जाड हुकवाल्या तारा भेग पुढे सरकली तर तिला धरतात. गंजाच्या दृष्टीनेही ही जोडी चांगली, कारण बारीक तार संपली तरी जाड शिल्लक असते.

हे झालं तारेचं. पण रावेर-यावलला कोबा तडकतो तो बहुतेक वेळा तारेमुळे नाही, खालच्या काळ्या जमिनीमुळे. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आक्रसते. तिच्यावर थेट कोबा टाकला तर तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा मधूनच खचतो, मग आत जाळी असो की तार. काळी माती निदान दोन-तीन फूट काढून चांगला मुरूम थराथराने भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा, कडेने पाणी मुरणार नाही अशी गटार काढा. किती खोल जायचं हे तुमच्या जागेची माती पाहिल्याशिवाय मी नक्की सांगू शकत नाही. चार खड्डे घेऊन माती तपासा. जाळी काढून वाचलेले पैसे या भरावात घाला, ते तिथे जास्त कामी येतील.

दुसरा शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४–४५ ला जातो आणि वारा कोरडा असतो. ताज्या कोब्यावरचं पाणी उडून जातं आणि तासा-दोन तासांत वर नकाशासारख्या भेगा उमटतात. या भेगा सुरुवातीलाच पडल्या की पुढच्या गंजाला दारं उघडी. उष्ण हवेतल्या काँक्रीटसाठी आयएस ७८६१ हे भारतीय मानक आहे. त्यात ओततेवेळी काँक्रीटचं तापमान ४० अंशांच्या आत हवं असं म्हटलं आहे. म्हणून संध्याकाळी सहानंतर ओता, गिट्टी सावलीत ठेवून भिजवा, पाण्यात बर्फ टाका. पाणी निदान १० दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवस, तेही पाइपने शिंपडून नाही. आळी करून पाणी उभं करा किंवा ओलं गोणपाट वाळू देऊ नका. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या राखेमुळे आपल्याकडे पीपीसी आणि फ्लाय ॲश भरपूर, आणि क्लोराईड अडवायला राख चांगलीच. पण राखेचं काँक्रीट नीट भिजलं नाही तर कार्बन डायऑक्साइड त्यात लवकर शिरतो. राख घालून क्युरिंगमध्ये हात आखडला तर तुमच्या तारेचं तुम्हीच नुकसान केलं.

आता तुमच्या तीन जागा एकेक करून घेऊ.

बाहेरचं अंगण. इथे कंटेनरची चाकं, ऊन आणि वर्षातून चारेक महिने पाऊस. बाकीचे आठ महिने भेग कोरडी असते आणि कोरड्या भेगेत गंज चालत नाही, म्हणून समुद्रकाठापेक्षा आपल्या खानदेशात ही तार जास्त टिकेल. इथे टायरची तार वापरायला माझी हरकत नाही. साफ टायरची तार आणि हुक-एंड निम्मी निम्मी, मिळून घनमीटरला ३० किलोच्या आसपास. सुरुवात इथून करा, नक्की आकडा चाचणीनंतर. काँक्रीट एम-३० दर्जाचं, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नको. जाडी चाकावरच्या भारावर ठरेल, ती तुमच्या इंजिनिअरला आयआरसी एसपी ४६ प्रमाणे काढू द्या. फायबरच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचीच ती मार्गदर्शिका आहे. सांधे ४–४.५ मीटरवर कापा, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री. मात्र कटर लावल्यावर तारा उपटून कडा फाटत असतील तर तासभर थांबा. आणि जिथे आजचं काम संपून उद्याचं सुरू होतं त्या सांध्यातले डॉवेल बार (दोन्ही भागांत अडकवलेल्या सळया) काढू नका. जाळी गेली म्हणून डॉवेलही गेले, असं ठेकेदार गृहीत धरतात. फायबर सांध्यापलीकडे भार नेत नाही.

आतला हॉल. इथे वर्षभर ओल, तुरटीचं पाणी, केळीचा चीक, कधी निर्जंतुकीकरणाचं क्लोरीन. तुरटीचं पाणी आम्लधर्मी आणि सल्फेटचं, ते तारेआधी सिमेंटच खातं. इथे नुसत्या फायबरचा कोबा उघडा ठेवू नका. ट्रिमिक्स (ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी ओढून घेणं) करून वर हार्डनर आणि धुण्याच्या पट्ट्यात इपॉक्सी किंवा पीयूचा थर द्या, उतार नीट काढून पाणी साचू देऊ नका. आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच कोष्टकात नसते: पॅकहाऊसमध्ये मजूर बाया-माणसं ओल्यात अनवाणी असतात. वर डोकावणारी टायरची तार सुईसारखी टोचते. वरचा थर हवाच, याला माझ्या दृष्टीने एवढं कारण पुरेसं आहे.

खताचं गोडाऊन. इथे माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. केळीला पोटॅश लागतं आणि आपण जे लाल-पांढरं एमओपी वापरतो ते पोटॅशियम क्लोराईड, वजनाने जवळजवळ निम्मं क्लोराईड. समुद्र इथून लांब असला तरी त्याच्याइतकं क्लोराईड आपण गोणीत भरून घरी आणतो. पावसाळी हवेत फाटक्या गोणीतलं पोटॅश ओल धरतं, पाणी सुटतं आणि ते खारं पाणी थेट भेगेत उतरतं. अमोनियम सल्फेट शेजारी असेल तर ते सिमेंटच्या जोडणीवरच हल्ला करतं. या खोलीत ०.२ मिमीच्या तारेला आयुष्य किती हे मी लिहून देणार नाही. इथे दाट काँक्रीट, वर रसायन सोसणारा थर आणि गोण्या लाकडी पॅलेटवर. भेगा रोखायला काही हवंच असेल तर प्लास्टिकचं मॅक्रो (जाड तुकड्यांचं) फायबर घाला. ते गंजत नाही.

पाण्याचंही बघा. काही विहिरी-बोअरचं पाणी खारं असतं. आयएस ४५६ प्रमाणे बिनसळईच्या काँक्रीटला लिटरमागे २००० मिलिग्रॅम क्लोराईड चालतं, सळईच्या काँक्रीटला फक्त ५००. ‘आता जाळी नाही, म्हणजे साधं काँक्रीट, म्हणजे २००० चालेल’ असा युक्तिवाद मी साइटवर ऐकला आहे. तार आहे, म्हणून ५०० च धरायचं. बोअरचं पाणी तपासून घ्या, खर्च किरकोळ असतो.

मिसळताना तार एकदम ओतू नका. आधी गिट्टी आणि वाळू किंवा क्रश सँड फिरू द्या, तार जाळीवरून चाळल्यासारखी हळूहळू टाका, मग सिमेंट-पाणी. बारीक तारेचा पृष्ठभाग खूप मोठा असतो. त्याच वजनाच्या, चौपट जाड तारेच्या चौपट. त्यामुळे मिक्स घट्ट वाटतं आणि मिस्त्री पाण्याची बादली उचलतो. त्या एका बादलीने ०.४५ चं ०.५५ होतं आणि वर लिहिलेलं टिकाऊपणाचं सगळं गणित बिघडतं. मिक्स ढिलं करायचं तर सुपरप्लास्टिसायझरने. गोळा झालेला दिसला तर हाताने काढून फेका. त्या गोळ्याच्या आत सिमेंट पोचलेलंच नसतं, गंज सुरू होतो तो तिथून.

चाचणीचं म्हणाल तर ठेकेदार क्यूब (काँक्रीटचा ठोकळा) दाबून रिपोर्ट आणेल. क्यूबला फायबरने फारसा फरक पडत नाही, तार न टाकताही तो रिपोर्ट पास होतो. तुम्हाला हवी आहे बीम वाकवण्याची चाचणी, ज्यात भेग पडल्यानंतर बीम किती भार धरून ठेवतो ते मोजतात. युरोपीय पद्धत ईएन १४६५१ आहे, १५० बाय १५० बाय ५५० मिमीचे बीम. जळगाव-धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आधी चौकशी करा, तिथे तशी यंत्रणा नसेल तर नाशिक-पुण्याला पाठवावे लागतील. जमलं तर काही बीम आधी थोडे तडकवून मिठाच्या पाण्यात ओले-सुके करत काही महिने ठेवायला सांगा आणि मग वाकवा. पुष्कळ लोक यावर हसतात, पण तुमच्या तारेचा खरा हिशेब तिथेच लागतो.

आणि पंचवीस वर्षांची गॅरंटी. ती नाकारू नका, पण कागदावर काय लिहिलंय ते बघा. ‘कोबा खराब होणार नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. त्याला लिहायला सांगा: पाच वर्षांत सांध्याबाहेरची कुठलीही भेग ०.३ मिमीच्या वर गेली तर स्वखर्चाने इपॉक्सी भरून देईन, सांध्याची कड ढासळली तर दुरुस्त करून देईन, आणि तारेच्या प्रत्येक खेपेचं पावतीसह वजन व लांबीची नोंद ठेवीन. भेगेची रुंदी मोजायचं पारदर्शक कार्ड मिळतं, ते एक घेऊन ठेवा. एवढं लिहून द्यायला तो तयार झाला तर अंगणाचं काम त्याला बिनधास्त द्या. खताच्या खोलीचा कोबा मात्र त्या करारातून वेगळा काढा.